ठिकाण: विचारू नये

दापोली, ७ जुलै २०२५

ती. रघूकाका,

पत्र बघून घाबरू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोन केला नाही कारण तुमच्या वाडीत रेंज फक्त वरच्या कातळाच्या सड्यावर येते, आणि सड्यावर तुम्ही बोलायला लागलात की निम्मी वाडी ऐकते आणि उरलेल्या निम्मीला तुमचे शेजारी हरिश्चंद्रदादा जाऊन सांगतात. विषय अळंब्यांचा आहे, म्हणजे आपल्या घरात सगळ्यात गुप्त.

मी इथे एम.एस्सी.ला नक्की काय करते हे बाबांनी तुम्हाला कधी धड सांगितलेलं नसणार. ते सगळ्यांना ‘पोरगी शेतीची डॉक्टर होणार’ एवढंच सांगतात. तर माझा विषय आहे वारुळावरची अळंबी. तिचे बीजाणू, म्हणजे झाडाला बी तसं तिला जे असतं ते, एकेका पेशीतून कसे तयार होतात हे मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आहे आणि त्याचा फोटो काढायचा आहे. बाजारातली धिंगरी अळंबी चालत नाही. वारुळावरचीच लागते.

सेमिनार १८ ऑगस्टला आहे. तोवर फोटो मिळाला नाही तर मॅडम विषय बदलायला लावणार आहेत आणि मला मिरचीवरचा करपा घ्यावा लागणार आहे. आमच्या वर्गात आधीच सहा जण करप्यावर आहेत. मला मिरची नको हो काका.

तेव्हा दोन गोष्टी हव्यात. एक, अळंबी. दुसरी, ठिकाण. नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘ठिकाण’ असा रकाना असतो, तो भरल्याशिवाय नमुना धरत नाहीत. मला ठिकाण दाखवलंत तर मी स्वतःच येऊन गोळा करीन.

काकूला नमस्कार.

तुमची,
शमिका

*

वरचीवाडी, अलोरे, १२ जुलै २०२५

प्रति: चि. शमिका
विषय: अळंबी पुरवठ्याबाबत
संदर्भ: तुझे दि. ७ चे पत्र

उपरोक्त विषयास अनुसरून तुला आशीर्वाद.

कोयना प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये मी तेहतीस वर्षे काढली. मागणी लेखी आली की तिचा विचार लेखीच होतो. त्यानुसार मागणी क्र. १ मंजूर. मागणी क्र. २ नामंजूर.

कारणे. आपल्या घराण्यात अळंबीचे ठिकाण बापाने थोरल्या मुलाला सांगायचे असते, आणि तेही हातपाय थकल्यावर. आजोबांनी वडिलांना सांगितले, वडिलांनी मला. मी योग्य वेळी संदेशला सांगेन. संदेश मुंबईला असतो आणि गेल्या वर्षी अळंबीचे कालवण खाऊन “पनीरसारखं लागतं, पप्पा” असे म्हणाला, हे खरे आहे. तरी नियम तो नियम.

हे ठिकाण मी पस्तीस वर्षे कसे राखले ते ऐक. पहाटे इरले पांघरून निघतो. आधी उलट दिशेला नदीवर जातो, मग हरिश्चंद्राच्या गोठ्यामागून वळसा घालतो, मग मुद्दाम आंब्याखाली बसून विडी ओढल्याचे नाटक करतो. मी विडी ओढत नाही. चारशे पावलांच्या जागेसाठी दीड तास चालतो. तुझ्या काकूलाही पत्ता नाही. हरिश्चंद्र वीस वर्षे माझ्या मागावर आहे. दर वेळी भेटतो आणि “काय रघू, सकाळी सकाळी?” असे विचारतो. माणूस आतल्या गाठीचा आहे.

सोबत सतरा कळ्या पळसाच्या पानात बांधून चिपळूण–दापोली गाडीच्या बाबू ड्रायव्हरबरोबर पाठवल्या आहेत. सगळ्या बंद टोपीच्या आहेत. उघडलेली अळंबी चवीला बाद, म्हणून मी एकही उघडू देत नाही. चिठ्ठी भरून लावली आहे. मिळाल्याची पोच द्यावी.

तुझा,
रघूकाका

*

दापोली, १५ जुलै २०२५

ती. रघूकाका,

पोच देते. खेडच्या पुढे गाडी पंक्चर झाली, आणि बाबू ड्रायव्हरने डबा माझ्या हातात दिला तो हात लांब करून, तोंड फिरवून. सोळा कळ्यांचा रस्सा झाला होता. तुमची चिठ्ठी मात्र कोरडी राहिली. मॅडमनी ती सगळ्या वर्गात मोठ्याने वाचली: ‘ठिकाण: विचारू नये.’

एक कळी वाचली होती. तिचा काप काढून बघितला तर आत काहीच नव्हतं, कारण ती खूपच कोवळी होती. नीट सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल मला काय हवंय.

टोपीच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात ना, त्या प्रत्येक पडद्यावर पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. अळंबीच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात, दोन वेगळ्या घरची. जन्मभर एका खोलीत राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. टोपी उघडायची वेळ आली की पडद्यावरच्या त्या पेशी फुगतात आणि तेवढ्याच पेशींमध्ये ही दोघं एकदाची एक होतात. लगेच त्यांचं विभाजन होतं, एकदा, मग पुन्हा एकदा. एकाची चार होतात. मग पेशीच्या डोक्यावर चार बारीक शिंगं निघतात. उलटा ठेवलेला चौरंग आठवा. प्रत्येक पायाच्या टोकावर एक फुगा धरतो आणि एकेक केंद्रक त्या बारीक पायातून अंग चोरून वर चढतं आणि आपापल्या फुग्यात जाऊन बसतं. फुग्याची भिंत जाड झाली की तो झाला बीजाणू. शेवटी त्याच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब साठतो, तो थेंब एकदम पसरतो आणि त्या धक्क्याने बीजाणू उडी मारतो. आपणहून!

मला तो चार लाडू ठेवलेला चौरंग हवाय. तो बंद कळीत मिळणार नाही. टोपी नुकती पसरलेली हवी. आणि ती खुडल्याबरोबर जागेवरच औषधात घालायला हवी, नाहीतर रस्सा.

सोबत चार बाटल्या पाठवते आहे. आत फॉर्मॅलिन आणि स्पिरिटचं औषध आहे. कुणी पिऊ नये. आणि काका, ठिकाणाचं मनावर घ्या ना.

शमिका

*

वरचीवाडी, अलोरे, २० जुलै २०२५

चि. शमिका,

तुझे पत्र तीनदा वाचले. विषय स्टोअरचाच आहे हे पाहून समाधान वाटले. दोन रजिस्टरे एकत्र केली आणि त्याच्या चार प्रती काढल्या, एवढेच ना? फक्त मूळ प्रत कोणाकडे राहते ते तू लिहिले नाहीस. ते कळवावे.

दोन केंद्रकांची माहिती मी काकूला वाचून दाखवली. एका खोलीत जन्मभर, पण मिसळत नाहीत. ती म्हणाली, “ह्यात दापोलीला जाऊन शिकण्यासारखं काय हाय? हिथं ओटीवर बसली असती तरी दिसलं असतं.” अर्थ मला लागला नाही.

बाटल्या नियमाप्रमाणे भरून पाठवल्या आहेत. टोपी उघडेपर्यंत थांबता आले नाही, कारण हरिश्चंद्र त्या बाजूला दोनदा शिंकला. शिंकेचा आवाज खोटा होता. म्हणून ज्या होत्या त्या कळ्याच घातल्या. ठिकाणाचा रकाना या वेळी सविस्तर भरला आहे.

रघूकाका

ता. क. (काकूकडून) — शमिके, त्यांनी खरं लिवलं नाय म्हणून मी लिवतंय. गटारीला चार दिवस असताना ओटीवर स्पिरिटच्या वासाच्या चार बाटल्या मना दिसल्या. मना वाटलं म्हातारा ह्या वयात बिघडला. सगळं पन्हळीत ओतलं. मग आत अळंबी दिसली तशी मिठाचं पाणी नि दोन-दोन आमसुलं घालून ठेवली. टिकतील. — चिमाकाकू

*

दापोली, २३ जुलै २०२५

ती. रघूकाका,

बाटल्या मिळाल्या. मॅडमनी बूच काढून वास घेतला आणि कृती विचारली.

‘ठिकाण: कोकण.’ हे सविस्तर का काका?

आता खरं लिहिते. काल मॅडमनी मला खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ५ ऑगस्टपर्यंत टेबलावर फोटो हवा, नाहीतर करप्याचा अर्ज भर म्हणाल्या. मी हो म्हणून आले आणि वसतिगृहात येऊन खूप रडले.

मला हा विषय का सुचला ते तुम्हाला माहीत आहे का? मी सात वर्षांची असताना तुम्ही श्रावणात पाटी घेऊन घरी आलात, वरचं पान उचललंत, आणि मी विचारलं होतं, “ही कुठून येतात?” तुम्ही म्हणालात, “मोठी झालीस की कळेल.” मी मोठी झाले काका. यांच्या पेशींमध्ये काय चालतं ते या घरात मला एकटीला माहीत आहे, आणि तरी ठिकाण मात्र पनीरवाल्याला मिळणार, कारण तो मुलगा आहे. मला वाईट वाटतं. ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

मूळ प्रतीचं विचारलं होतंत. मूळ प्रत उरत नाही. आणि चार प्रती सारख्याही नसतात. दोन्ही घरचं थोडं थोडं प्रत्येकीत वेगळं मिसळलेलं असतं. त्यातली कुठली कुठे जाऊन रुजेल ते सांगता येत नाही. वाळवीची नवी वसाहत झाली की तिथली कामकरी वाळवी बाहेर पडलेले बीजाणू गोळा करून आत नेते आणि त्यातून नवी अळंबी होते. टोपी उघडूच दिली नाही, तर न्यायला काही नसतंच.

एक शेवटची बाटली पाठवते. तिच्यावर कवटीचं चित्र काढलं आहे, काकूसाठी.

शमिका

*

वरचीवाडी, अलोरे, ३१ जुलै २०२५

चि. शमिका हिला चिमाकाकूचा आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुझं पत्र वाचलं, घडी घातली नि खिशात ठेवलं. मना दाखवलं नाय. मग मी कपडे भिजवताना खिसा तपासला. वाचलं. बाय गो, बरं केलंस लिवलंस.

आता मंगळवारचं ऐक. नागपंचमी. आपल्याकडं त्या दिवशी चिरायचं नाय, कापायचं नाय, खणायचं नाय, जमिनीतलं काय उपटायचं नाय. पण सकाळी हे जरा जास्तच लवकर उठले, प्रकल्पातली ती मोठी काळी छत्री घेतली नि गेले. न्याहारीला आले नायत.

दहाच्या सुमारास आमी वाडीतल्या अकरा बायका लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन वारूळ पुजायला निघालो. दरवर्षी जातो तिथंच, बेहड्याच्या झाडाजवळच्या वारुळाला. बघते तर काय, वारुळाला चिकटून हे बसलेले! उकिडवे. छत्री स्वतःवर नाय, वारुळावर धरलेली, नि आपण ओलेचिंब. छत्रीखाली अळंबीची रांग, टोप्या उघडायच्या बेतात.

मी म्हटलं, “तुमी हिथं काय करताव?”

म्हणाले, “पावसाची नोंद घेतोय.”

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. हे काय हलेनात. म्हणाले, “माझी हद्द सोडून पूजा करा.” आता वारुळाला चिकटून माणूस बसलाय, हद्द कुठली सोडायची? आमी केली पूजा. दूध थोडं ह्यांच्या पाठीवर गेलं. धाकट्या जावेनं हळदकुंकू वाहिलं तेपण निम्मं ह्यांच्या टकलावर पडलं. डोळे मिटून बसले होते अगदी.

मग हळूच मना विचारतात, “तुमाला हे ठिकाण कसं कळलं?”

मी म्हटलं, “अवो, मी लगीन होऊन आले त्या वर्षीपासून हिथंच पूजा करतो आमी. तुमच्या आवशीनंच दाखवलं मना.” ते पंचमीला कधी तिकडं फिरकलेच नायत, त्या दिवशी खुडायचं नाय ना! आमाला अळंबी दर वर्षी दिसतात. आमी हात लावत नाय. वाडीत सगळी त्याला रघूभावोजींचं वारूळच म्हणतात. पोरांना पत्ता सांगताना पण, “रघूभावोजींच्या वारुळापासून डावीकडं वळ.” नि सासूबाई मना सांगून गेल्यात, मागच्या अंगाला पालापाचोळ्याखाली चार-पाच झाकून ठेवायची, ती उघडू द्यायची, म्हणजे पुढं चालतं. मी ते करतंय. ते ह्यांना ठाऊक नाय.

ह्यांचा चेहरा बघवेना गो. मना हसू पण आलं नि वाईट पण वाटलं. पस्तीस वर्षं नदीवरनं फिरून आलेला माणूस.

दिवेलागणीला मी हात धरून घरी आणलं. छत्री तिथंच काठीला बांधून ठेवली होती. जेवताना म्हणाले, “संपलं. उद्या सकाळी एक पण राहणार नाय.” बुधवारी उजाडताच आमी दोघं गेलो. सगळी होती. टोप्या अशा पसरलेल्या, तव्यावरच्या घावनासारख्या. नि छत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून कोणीतरी वारुळाशेजारच्या खुंटाला दाव्यानं बांधलेली. ह्यांनी गाठ बघितली. म्हणाले, “ही बैलाची गाठ. ही हरिश्चंद्राची.”

त्यांनी स्वतः खुडली, काप करून तू सांगितलंस तसे जागेवरच कवटीच्या बाटलीत घातले. बाटली बाबूबरोबर येतेय. चिठ्ठीतला रकाना भरला नाय.

तुझी,
चिमाकाकू

*

दापोली, ५ ऑगस्ट २०२५

ती. रघूकाका,

मिळाला! फोटो मिळाला!

काल दुपारी तिसऱ्या कापाला दिसला. आधी मला नुसतीच पेशींची गर्दी दिसली, मग काच जराशी सरकवली आणि पडद्याच्या कडेला एक पेशी एकटी वर आलेली दिसली. डोक्यावर चार शिंगं आणि चार शिंगांवर चार बीजाणू, एकही पडलेला नाही. शेजारच्या पेशीत त्याच्या आधीची पायरी दिसते आहे, केंद्रक निम्मं फुग्यात आणि निम्मं अजून खाली अडकलेलं. मी इतक्या मोठ्याने ओरडले की करप्यावाले सहाही जण धावत आले. मॅडमनी बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, “हे कोणी औषधात घातलं? हात चांगला आहे.” मी सांगितलं, आमच्या रघूकाकांनी. फोटो सोबत आहे. उलटा धरू नका, शिंगं वर यायला हवीत.

काकूचं पत्र मिळालं. काका, मी हसले, खोटं कशाला बोलू. हळदकुंकवापाशी तर खूपच हसले. पण मग बैलाच्या गाठीपाशी आले आणि पुढचं नीट वाचता येईना.

आता एकच राहिलं आहे. ठिकाणाचा रकाना कोरा आहे. काकूच्या पत्रातून उतरवून मला तो भरता आला असता. मॅडमही म्हणाल्या, तुला माहीत आहे तर लिहून टाक. पण ते तुमचं आहे. तुम्ही नाही लिहिलंत तर कोरा जाईल आणि काय बोलणी बसतील ती मी खाईन.

शमिका

*

वरचीवाडी, अलोरे, ९ ऑगस्ट २०२५

प्रति: चि. शमिका
विषय: ठिकाणाबाबत
संदर्भ: तुझी सर्व पत्रे

फोटो ओटीवर लावला आहे. शिंगे वर आहेत. हरिश्चंद्र येऊन पाहून गेला. त्याला मी चार बीजाणूंची सर्व प्रक्रिया समजावून सांगितली. त्याने शेवटी विचारले, “मग मूळ प्रत कोणाकडे?” मी त्याला उत्तर दिले. त्यानंतर मी त्याला विचारले की वीस वर्षे तू माझ्या मागे का फिरतोस. तो म्हणाला, “पाऊलवाट निसरडी हाय रघू, तू त्या इरल्यात पुढचं बघत नायस. पडलास तर उचलायला कोणतरी हवं.” यावर मी त्याला चहा पाजला.

बाय गो, मला लाज वाटली. तुझ्या पत्राचीही वाटली. सात वर्षांच्या पोरीने सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला टोलवले. ते मला आठवत होते. तू लिहिलेस तेव्हा आठवले असे नाही, आधीपासून आठवत होते.

आता अडचण अशी की ठिकाण तुला द्यायचे ठरवले, पण सगळ्या वाडीला ठाऊक असलेले ठिकाण देण्यात माझा मोठेपणा तो काय राहिला? म्हणून दुसरी एक वस्तू देतो. बुधवारी खुडलेल्यातली एक टोपी मी ओटीवर मिटलेल्या छत्रीवर ठेवून विसरलो. गुरुवारी उचलली तर खाली काळ्या कापडावर फिकट गुलाबी चक्र उमटलेले होते, आऱ्यांसकट. काकू म्हणाली, देवाचा कौल आहे. मी म्हटले, हे बीजाणू आहेत, लाखांनी, आपणहून उडी मारलेले. मग दोघांनीही हात जोडले, आपापल्या कारणासाठी.

ती छत्री बाबू ड्रायव्हरबरोबर पाठवत आहे. गाडीत उघडू नये असे त्याला लेखी दिले आहे. मॅडमना दाखव, पण परत पाठवू नकोस. पुढच्या पंचमीला ती घेऊन तू ये. वारुळापाशी बसायची पाळी तुझी. संदेशला फोनवर सांगितले. सड्यावरून सांगितले, मोठ्याने, सगळ्यांनी ऐकले. तो म्हणाला, “बरं झालं पप्पा, मला तसंही आवडत नाही.” हे त्याला दहा वर्षांपूर्वी बोलता आले असते.

यंदा मागच्या अंगाची पाच अळंबी उघडी ठेवली आहेत. काकूने मला जागा दाखवली. तिची जागा माझ्यापेक्षा चांगली आहे.

चिठ्ठी नवीन भरून सोबत जोडली आहे. अक्षर लागत नसेल तर कळवावे.

तुझा,
रघूकाका

नमुना क्र. ३
काय आहे: अळंबी, टोपी उघडलेली
गोळा करणार: रघुनाथ आणि सौ. चिमा
राखण: हरिश्चंद्र
पुढील ताबा: शमिका
ठिकाण: रघूभावोजींचं वारूळ, वरचीवाडी, अलोरे. बेहड्यापासून सतरा पावले. विचारल्यास कोणीही दाखवेल.